बोलक्या रेडिओचा आठवडा कसा बसवावा? (खान्देशातल्या मंडळींची मदत हवी)

तापीकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या संस्थेच्या कम्युनिटी रेडिओला परवानगी मिळाली. मनोरा उभा राहिला, स्टुडिओच्या खोलीला आतून जुन्या गाद्या आणि गोणपाट लावून झालं, चाचणी प्रक्षेपणही झालं. चोपडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही आहोत. ट्रान्समीटर शंभर वॅटचा, म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या परिघातली गावं. चोपडा शहर, नदीकाठची गावं आणि पलीकडची अमळनेर तालुक्यातली थोडी.

समितीने एक गोष्ट एकमताने ठरवली आहे : हा रेडिओ मुख्यतः बोलणारा असेल. गाणी आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. पण आज कापसाला कुठे काय भाव निघाला, अमक्या योजनेचा अर्ज कुठे मिळतो, शेजारच्या गावातल्या माणसाने ठिबकचं काय केलं, हे आपल्या भाषेत सांगणारं कोणी नाही. त्या जागी आपण असावं, अशी फार इच्छा आहे.

नियम थोडक्यात सांगते. निम्मा तरी मजकूर स्थानिक पातळीवर तयार केलेला हवा. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा सहक्षेपित करता येतात. राजकीय काहीही नाही. जे प्रक्षेपित झालं त्याचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं.

आमच्या वेळा : सकाळी ६ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ६ ते ९. माणसं : पगारी दोन, बाकी अकरा जण वेळ देणारे.

पहिला कच्चा आराखडा असा केला आहे. सोमवार शेती, मंगळवार आरोग्य, बुधवार महिला, गुरुवार शिक्षण, शुक्रवार कायदा आणि योजना, शनिवार मुलांचा, रविवार लोककला. महिलांचा कार्यक्रम दुपारी १२ वाजता, शेतीचा संध्याकाळी ७ वाजता. कागदावर तर छान दिसतंय. तरीही चैन पडत नाही, काहीतरी चुकतंय असं सारखं वाटतं. ज्यांनी रेडिओत काम केलंय, ज्यांच्या घरी रेडिओ ऐकला जायचा किंवा अजून ऐकला जातो, त्या सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

माजी उद्घोषक

ताई, अभिनंदन. तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय.

हा आठवडा विषयांचा झाला, ऐकणाऱ्याचा नाही. शेतकरी काय फक्त सोमवारी शेती करतो? गुरुवारी पाऊस आला आणि मंगळवारी कोणाच्या पोराला ताप आला, तर त्याने पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं का? रोज एका वेळेला एकच कार्यक्रम हवा. सव्वासहा म्हणजे शेती, मग वार कोणताही असो. विषय रोज बदलू दे, घड्याळ बदलू नये.

आकाशवाणीत याला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात, आम्ही नुसतं एफपीसी म्हणायचो. कोणत्या मिनिटाला काय, हे त्यात ठरलेलं. नव्या मुलांना तो तक्ता म्हणजे सरकारी सोपस्कार वाटायचा. पण त्या तक्त्यावर घरं चालायची. सकाळी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की शाळेची पोरं आंघोळीला पळायची. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या लागल्या की ऑफिसवाला सायकल बाहेर काढायचा. घरात घड्याळ नसलं तरी रेडिओवरून वेळ कळायची. ऐकणाऱ्याला तुमचा तक्ता पाठ झाला पाहिजे. आज सात, उद्या सव्वासात, परवा कार्यक्रमच नाही, असं महिनाभर झालं की माणूस तुटतो, आणि तुटलेला श्रोता परत मिळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट लांबीची. एकट्या माणसाचं लिहून आणलेलं भाषण दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. खरं तर सातच. दोघांचं बोलणं असेल तर पंधरा मिनिटं खुशाल. अर्धा तास फक्त तेव्हाच, जेव्हा बोलणारा सांगतोय आणि स्टुडिओतली सगळी माणसं काम थांबवून ऐकताहेत.

दर अर्ध्या तासाला आपण कोण, कुठून बोलतोय आणि किती वाजले हे सांगत जा. मधेच रेडिओ लावणारा माणूसच जास्त असतो.

मृगबाग

मी रावेरकडचा, तुमच्या पट्ट्याबाहेरचा. पण केळीवाला म्हणून लिहितो.

आम्हाला सकाळीच हवं, आणि लवकर हवं. संध्याकाळी सातला शेतीचा कार्यक्रम ठेवाल, तर त्या वेळेला आम्ही पारावर नाहीतर दूध घालायला गेलेलो असतो. सकाळी सहा ते साडेसहा आम्ही घरात असतो, चहा होतो, मजुरांची जुळवाजुळव होते. तेवढ्यात सांगा : काल बऱ्हाणपूरला काय भाव निघाला, आपल्याकडे काय जाहीर झाला, आज वारा कसा राहील.

वाऱ्याचं मुद्दाम लिहितो. मे-जूनच्या वादळात तासाभरात बाग आडवी होते. विम्यासाठी नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्याला हे चौथ्या दिवशी कळलं. तो त्या दिवशी कार्यालयात गेला, आणि तसाच परत आला. त्याचं अकरा महिन्यांचं पीक होतं. रेडिओवर त्या तीन दिवसांत कोणी दर दोन तासांनी एवढं एकच वाक्य बोललं असतं ना, तर तो माणूस वाचला असता. म्हणून सांगतो, वादळ झालं की तक्ता बाजूला ठेवण्याची सोयसुद्धा तक्त्यातच करा.

हवामान विभागाचा शेतीसाठीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तुमचा हवामानाचा मोठा भाग त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी बसवा. सोमवारी ठेवलात तर शिळं वाचाल.

आणि हंगामाप्रमाणे बोला. जून-जुलैत मृगबागेची लागवड चालू असताना कांदेबागेचं, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायच्या केळीचं, खत सांगणारा पाहुणा नको. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, माणसांची कमतरता नाही. पण त्यांच्यासमोर प्रश्न विचारायला शेतकरीच बसवा. निवेदकाला सीएमव्ही (केळीवरचा विषाणूजन्य रोग) म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर शास्त्रज्ञ पुस्तकातलं बोलून निघून जातो.

गावची आशा

महिलांचा कार्यक्रम दुपारी १२ वाजता हे कोणी ठरवलं? ताई, राग मानू नका, पण समितीत कापूस वेचणारी एक तरी बाई आहे का?

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्या गावात दुपारी म्हातारी माणसं आणि लहान लेकरं सोडून कोणी नसतं. सगळ्या वावरात. सकाळी आठ-नऊला निघतात, संध्याकाळी सहाला येतात, मग पाणी, भाकऱ्या, भांडी. बाईला जरा टेकायला मिळतं ते रात्री आठनंतर. नाहीतर पहाटे चुलीपुढे, हात कामात आणि कान मोकळे असतात तेव्हा. या दोनच वेळा. दुपारचं ठेवायचंच असेल तर मोबाईलवर वावरात ऐकता येईल असं ठेवा, वेचताना एकीच्या ओच्यात मोबाईल वाजत असतो.

आरोग्याचं पण सांगते. डॉक्टरसाहेबांचं भाषण नको. मी गृहभेटीला जाते तेव्हा बाया जे कानात विचारतात ते प्रश्न मी लिहून देते, नाव न घेता. अंगावरून पांढरं जाणं, पाळी लांबणं, रक्त कमी असणं, दुसऱ्या बाळाला किती अंतर ठेवायचं. डॉक्टरांनी फक्त त्याला उत्तरं द्यावीत, साध्या शब्दांत. पावसाळ्यात रोज एक वाक्य सर्पदंशावर हवंच : कापू नका, करकचून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या. रोज म्हणजे रोज. साप काय बुधवार बघून चावत नाही.

लसीकरण कोणत्या गावात कोणत्या दिवशी हे आदल्या संध्याकाळी सांगितलंत तर माझ्या निम्म्या चकरा वाचतील.

पांझराकाठ

ताई, मी धुये जिल्हाना शे, म्हनीसन अहिरानीमाच लिखस.

मन्ही मायले प्रमान मराठी समजस. पन मनमोकयं बोलाले तिले अहिरानीच लागस. माईक समोर वना का ती 'आम्ही', 'आपण' कराले लागस आनि मंग गप्प व्हई जास. तिले फक्त इतलंच सांगानं : माय, घरमा बोलस तशीच बोल.

पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. बहुतेक ठिकाणी बोलीला लोककलेच्या खात्यात टाकतात. अहिराणी म्हणजे कानबाईची गाणी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी आणि विनोदी चुटके. भाव सांगायचा झाला की लगेच पुस्तकी मराठी. असं केलं तर आपण ऐकणाऱ्याला नकळत सांगतो की तुझी भाषा हसायच्या आणि नाचायच्या कामाची, कामाच्या गोष्टीची नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. खताची मात्रा अहिराणीत सांगा, बँकेचा अर्ज अहिराणीत समजावा, दहावीनंतर काय करायचं हे अहिराणीत बोला.

सातपुडा पायथा

पांझराकाठ यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यात भर घालतो. मी आश्रमशाळेत शिकवतो.

पायथ्याचे पाडे तुमच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये येणार नाहीत. पण पावरा आणि बारेला आदिवासी कुटुंबं तुमच्याच शिवारात राहतात, सालदार म्हणून, मळ्यातल्या खोपीत. त्यांना गावची दवंडी ऐकू येत नाही, ग्रामपंचायतीचा भोंगा ऐकू येत नाही. रेडिओ सगळ्यात जास्त त्यांच्या उपयोगाचा आहे, आणि तक्त्यात त्यांचं नावही नाही.

कृपा करून आठवड्यातून एकदा 'आदिवासी विशेष' करू नका. त्यात ढोल वाजतो, बासरी वाजते, कोणीतरी संस्कृतीवर बोलतं आणि संपतं. रोज पाच मिनिटं पावरी बोलीत द्या. दवाखाना, मजुरीचा दर, शाळेचा दाखला, रेशन, उद्याचं हवामान. आमच्या शाळेतून बारावी झालेल्या मुली आहेत, उत्तम बोलतात. एकीला शिकवा, मानधन द्या. मराठी मजकूर तिच्या हातात देऊन 'भाषांतर कर' म्हणू नका. माहिती सांगा आणि तिची तिला बोलू द्या. भाषांतर केलेली पावरी तिच्या आजीलाच कळणार नाही.

होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, त्या आठवड्यात मजूर गावाकडे जातात. तेव्हा कोणत्या गावचा बाजार कोणत्या दिवशी आणि बस कधी, एवढं सांगितलं तरी लोक तुमचं नाव काढतील.

शिवारातला

सगळं बरोबर आहे, पण नुसतं बोलणं कोण ऐकेल? माझ्याकडे रात्रीची लाइट असते तेव्हा मी मोटार चालू करून बांधावर बसतो. रात्री दीड-दोनला मला भाषण नको, गाणं लागतं. गाणं नसेल तर मी दुसरं स्टेशन लावेन. दुपारी पण तेच. थोडं गाणं ठेवा, लोक त्याच्यासाठी थांबतील आणि तुमचं बोलणं ऐकतील.

तापीकाठ

@शिवारातला दादा, तुमचं म्हणणं टाळत नाही. पण गाण्यासाठी थांबलेला माणूस बोलणं सुरू झालं की आवाज कमी करतो, हा आमच्या चाचणीतला अनुभव आहे. त्यापेक्षा बोलण्यातच गाणं आलं तर? जात्यावरची ओवी म्हणणारी आजी आधी ओवी म्हणेल, मग ती कुठे शिकली ते सांगेल. वहीगायनाची मंडळी गातील आणि मधे गोष्ट उलगडतील. ते गाणंही आहे आणि बोलणंही.

रात्रीच्या लाइटचा मुद्दा मात्र लखकन लागला. आमच्या फिडरवर शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. नऊ वाजता रेडिओ बंद केला तर रात्रीपाळीला पाणी भरणारा माणूस आमच्या हिशेबातच नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

कन्सोल

तांत्रिक बाजूने लिहितो, कारण उत्साहात सगळे विसरतात.

रोज आठ तास. त्यातले सहा तास नवं बोलणं करायचं म्हणालात, तर ते तेरा माणसांत होणार नाही. पंधरा मिनिटांची चांगली मुलाखत म्हणजे जाणं-येणं, रेकॉर्डिंग, संकलन, आवाजाची लेव्हल सारखी करणं, क्यू शीट (कोणता तुकडा कधी लागायचा त्याची यादी), असं धरून पाच-सहा तास जातात. मोटारीची घरघर, वारा, कोंबडे, हे सगळं मागे येतं. थोडं राहिलं तर छानच, शिवार कानाला दिसतं. पण बोलणं दबता कामा नये. माईकवर फोमची टोपी घाला आणि तोंडापासून वीतभर अंतरावर थोडा तिरका धरा.

दिवसाला दीड तास नवं बोलणं करा. त्याच्या पुढे जाऊ नका. तेच नीट विचार करून पुन्हा लावा. सकाळची शेती रात्री, रात्रीचा बायांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पहाटे. पुनःप्रक्षेपण म्हणजे कमीपणा नाही. सकाळी ऐकणारा आणि रात्री ऐकणारा ही वेगळी माणसं आहेत. रात्री ९ ते ५ ट्रान्समीटर चालू ठेवायला माणूस लागत नाही, यादी लावून ठेवता येते. फक्त वीज गेली तर बॅटरीवर किती चालतं ते आधी तपासून घ्या.

थेट फोनचा कार्यक्रम आठवड्यातून एकदाच. रोज केलात तर तेच चार जण फोन करतात. आणि त्या वेळी कन्सोलवर शांत डोक्याचा माणूस बसवा. फोनवरचा माणूस राजकारणावर घसरला तर त्याचा अपमान न करता फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली घेता आला पाहिजे.

उधना सुरत

मी चाळीस वर्षांपासून सुरतेत आहे. मूळ गाव अमळनेर तालुक्यात. उधना, लिंबायत या भागात कितीतरी खान्देशी घरं आहेत.

तुमच्या लहरी इथे येणार नाहीत हे माहीत आहे. पण रोजच्या एखाद्या कार्यक्रमाची फाईल व्हॉट्सॲपवर टाकलीत तर आम्ही ऐकू. काल रात्री हा धागा वाचत होतो तेव्हा आमच्या घरात सगळे जमले. माझी सून इथेच वाढलेली. ती म्हणाली, गावाकडच्या कोणाचा आवाज रोज ऐकायला मिळाला तर पोरांच्या कानावर तरी भाषा राहील. यासाठी वेगळं काही करू नका, गावासाठी जे कराल तेच आम्हाला हवं आहे. गावात आज काय झालं, नदीला पाणी आलं का.

माजी उद्घोषक

वर सगळ्यांचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगतो, कारण ती आपल्या राज्यातली आहे.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावांत श्रोतृमंडळं स्थापली. आपल्या शेजारचा नाशिक जिल्हा त्यात होता. गुरुवारी आणि रविवारी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, गावकरी एकत्र बसून ऐकायचे. इथपर्यंत विशेष काही नाही. विशेष हे, की रेडिओ बंद झाल्यावर त्यांची खरी बैठक सुरू व्हायची. ऐकलेल्यावर चर्चा, गावात काय करता येईल यावर चर्चा, आणि प्रश्न पत्राने केंद्राकडे. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तरं. १९५९ मध्ये ही कल्पना देशभर नेली गेली.

आठवडा बसवताना त्यातला धडा घ्या. दोन कार्यक्रमांमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर का होतं? पत्र पोचायला. बोलायला, भांडायला, विचार करायला. तुमचा एक तरी कार्यक्रम असा असावा ज्याचा दुसरा भाग गावातून येतो. मंगळवारी प्रश्न, शुक्रवारी उत्तर. आज पत्राची गरज नाही, मिस्ड कॉल चालेल, आवाजी निरोप चालेल. पण अंतर ठेवा.

तापीकाठ

तीन दिवस समितीत बसून, तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून, पहिला आराखडा रद्द केला. आता असं ठरतंय.

पहाटे साडेपाचला रेडिओ उघडायचा. सुरुवातीला रात्री झालेल्या बायांच्या कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण, म्हणजे चुलीपुढे ऐकता येईल. सव्वासहाला 'आजचं वावर' : पंधरा मिनिटं, रोज, अहिराणीत. भाव, वारा, पाणी आणि एका शेतकऱ्याचं बोलणं. बुधवारी आणि शनिवारी यात हवामानाचा सल्ला सविस्तर, कारण तो आदल्या दिवशी निघालेला असेल. त्यानंतर पाच मिनिटं पावरी. सातनंतर प्रादेशिक बातम्या, साडेआठला आकाशवाणीच्या राष्ट्रीय मराठी बातम्या, आहेत तशा. या दोन बातम्यांच्या मधे शाळेच्या पोरांचे आवाज. अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे, रोज. आमच्या शिक्षकांनी तोच धागा पकडला आहे : रोज एका शाळेची मुलं आपल्या गावाची पाच मिनिटं सांगतील. मुलांचा कार्यक्रम शनिवारपुरता ठेवला असता तर वर्षात पन्नास शाळा झाल्या असत्या. आता प्रत्येक शाळेची पाळी पुन्हा पुन्हा येईल.

दुपारी फक्त एक तास, वावरात मोबाईलवर ऐकण्यासारखं : गोष्ट, श्रुतिका, आणि सकाळच्या 'वावर'चं पुनःप्रक्षेपण. वेचणीच्या महिन्यांत हा तास वेचणाऱ्या बायांच्या निरोपांचा. एका वावरातून दुसऱ्या वावरात निरोप, हे आमच्या एका मावशींनी सुचवलं आणि सगळ्यांनाच आवडलं.

संध्याकाळी साडेसहाला 'उद्या काय' : दहा मिनिटं. लसीकरण, रेशन, वीज कधी, बाजार कुठे, बस, परीक्षेचे अर्ज. आठ वाजता बायांची बैठक. मंगळवारी आशाताईंनी आणलेले प्रश्न आणि शुक्रवारी त्यांची उत्तरं, हे उद्घोषक काकांच्या सांगण्यावरून. बाकीच्या दिवशी कायदा, बचत गट, माहेर-सासर, काहीही, पण वेळ तीच. गुरुवारी रात्री साडेआठला थेट फोन, आठवड्यातून एकदा.

रात्री नऊनंतर, ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्री असेल त्या आठवड्यात पहाटेपर्यंत यादी लावून ठेवायची. @शिवारातला दादा, त्यात वहीगायन आणि ओव्या भरपूर ठेवल्या आहेत. आणि वादळ, पूर, गारपीट झाली तर सगळा तक्ता थांबवायचा अधिकार त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या माणसाला. कोणाला विचारायचं नाही. हे आम्ही लिहून भिंतीवर लावलं.

गावची आशा

आठ वाजताचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. प्रश्नांची वही उद्यापासून सुरू करते.

मृगबाग

भाव सांगताना एक काळजी घ्या. जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव यांत फरक असतो. दोन्ही सांगा. कोणत्या व्यापाऱ्याचं नाव न घेता, 'काल या गावच्या तीन शेतकऱ्यांना प्रत्यक्ष इतका मिळाला' एवढंच. तेवढ्याने बरंच काम होतं.

लेवा लेक

रविवारचं कोणी बोललंच नाही. लोककला कुठे गेली?

मी यावलची, आसोदे आमचं आजोळ, म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या वावरात, जात्यावर जे म्हणायच्या ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी लिहून ठेवलं, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी ते पुस्तकात आलं. लिहून ठेवणारं कोणी नसतं तर? आपल्या गावागावात अशा किती जणी होत्या आणि गेल्या, त्यांचं कोणी लिहिलं नाही. माझ्या आजीला शंभरावर ओव्या पाठ होत्या. मी त्या वेळी दहावीत होते, मोबाईल हातात होता, आणि मी एकही ध्वनिमुद्रित केली नाही. ती गेल्यावर आईने आठवून आठवून अकरा सांगितल्या. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझी विनंती : रविवारी सकाळी एक तास फक्त ऐंशीच्या पुढच्या माणसांना द्या. त्यांना प्रश्न विचारून घाई करू नका, बोलू द्या. नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रण तीन महिने ठेवायचं असतं, पण या तासाचं कायमचं ठेवा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. माणसाचं नाव, गाव, तारीख आणि बोली सोबत लिहून.

कन्सोल

@लेवा लेक ताई, हे मी करतो. संकलन न केलेलं मूळ ध्वनिमुद्रण वेगळं ठेवू. एक डिस्क स्टुडिओत, दुसरी दुसऱ्या गावात, म्हणजे एका ठिकाणी काही झालं तरी दुसरं राहील.

पांझराकाठ

ऐंशीना पुढला मानसं बोलतीन तव्हय मधमा थांबतीन, आठवतीन. ती शांतता कापू नका भाऊ.

माजी उद्घोषक

पांझराकाठ, तुम्ही जे म्हणालात ते आम्हाला शिकायला वीस वर्षं लागली. स्टुडिओत दोन सेकंद आवाज थांबला की आमचा जीव वर यायचा. इथे थांबू दे. फक्त निवेदकाने सुरुवातीला सांगून ठेवावं की आजी सांगताहेत, मधे थांबतील, रेडिओ बंद पडलेला नाही.

सातपुडा पायथा

दोन मुलींची नावं पक्की केली आहेत, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. एकीचं गाव लांब आहे, सव्वासहाला येणं जमणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ध्वनिमुद्रण करून ठेवता येईल का?

तापीकाठ

@सातपुडा पायथा सर, नक्की. फक्त हवामानाचं वाक्य सकाळी बदलावं लागलं तर ती फोनवरून सांगेल आणि आम्ही जोडू. @कन्सोल, हे जमेल ना?

रविवारी सकाळी प्रादेशिक बातम्यांनंतरचा एक तास जुन्या माणसांसाठी धरला. पहिली आजी आमच्याच गल्लीतली आहे, वय एक्क्याण्णव. काल जाऊन विचारलं. म्हणाली, येईन, पण आखाजीचं सांगेन, मला झोका आठवतो. तिला स्टुडिओत आणायचं नाही, तिच्या ओट्यावरच रेकॉर्डर घेऊन जाणार आहोत.

सोमवारपासून पंधरा दिवस हा तक्ता लावून बघतोय. आमच्या पट्ट्यातल्या कोणी वाचत असेल तर एक काम करा : तुमच्या गावचा आठवडे बाजार कोणत्या वारी असतो आणि किती वाजता भरतो ते इथे लिहा. 'उद्या काय'साठी ती यादी अजून अर्धीच झाली आहे.